दुसऱ्या वर्षाचा रकाना

सगुणाबाई, तो रकाना मी अखेर भरायला घेतला. तू जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचं काम आटोपून तू चंद्रपूरला आलीस. हातांवरचे डाग अजून गेले नव्हते. माझ्या जेवणाच्या टेबलावर तुझ्या नातीसाठी मी केलेली कॉलेजांची वही उघडून तू बोट ठेवत वाचायला लागलीस. कॉलेजचं नाव, गाव, फी, वसतिगृह, गुणवत्तेवर मिळणारी सवलत, अर्जाची शेवटची तारीख. बोट ओळीवरून सरकत उजव्या कडेला गेलं आणि थांबलं.

"बाई, इथी काऊन पांढरं हाये?"

मी वाकून पाहिलं. वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दुसऱ्या वर्षी सवलत राहते का?' खाली चौदा कॉलेजांसमोर चौदा कोऱ्या चौकटी.

"ते नंतर भरू," मी म्हणाले. "आधी प्रवेश तर मिळू दे."

"हाव," तू म्हणालीस. पण बोट उचललं नाहीस.

हे मी तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, ईरा आणि ओम, तिकडे अमेरिकेत. आजीची मैत्रीण गेली म्हणजे नेमकं कोण गेलं, असं त्यांनी फोनवर विचारलं. आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई, असं सांगितलं असतं तर ते खरंच होतं, पण त्यातून काहीच कळलं नसतं. मी त्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरासाठी एक सुबक वेळापत्रक करून दिलं होतं. आठ दिवसांनी पाहिलं तर तू ते लोणच्याच्या बरणीवर दोऱ्यानं बांधलेलं. मी चिडले. तू शांतपणे म्हणालीस, "लोणच्याले बी टाइम पायजे जी." त्या दिवसापासून आपण भांडत आलो, ते मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले तरी थांबलो नाही. मुलांनो, एवढं तिच्याबद्दल पुरे. बाकीचं मला तिच्याशीच बोलायचं आहे.

करिश्माला दहावीनंतर तू माझ्याकडे ठेवलंस. "माझी नात तुमच्याकडं देऊन राह्यली, पण तिचं डोकं तिच्यापाशीच राहू द्या," असं बजावून गेलीस. पहिल्याच हिवाळ्यात तिनं विचारलं की वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर हे काळं कुठून येतं. मी म्हटलं, कोळसा, घुग्घुसकडचा वारा, आणखी काय. तिचं समाधान झालं नाही. चार ताटांत तेल लावलेले पांढरे कागद ठेवून तिनं ती गच्चीच्या चार कोपऱ्यांत मांडली. प्रत्येक कागदावर तारीख. दर रविवारी ती खाली बसून कागद एकमेकांशेजारी धरून पाहायची. संक्रांतीला तू आलीस, गच्चीवर गेलीस, चारही ताटं उचललीस आणि राखेनं लख्ख घासून पालथी घातलीस.

"आजी! मायनाभराचं काम होतं वो माझं!"

"मले वाटलं, पोट्टीनं जेवून ताटं तशीच टाकली. धूळच पायजे होती तं सांगाचं. घुग्घुसच्या रस्त्यावर उभी राह्यली तं टोपलंभर आणून देते."

करिश्मा रडायच्या बेतात होती. मग तू स्वतःच ताटं वर नेलीस, नवे कागद घातलेस, ते उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवलास, आणि खाली येऊन म्हणालीस, "एक ताट आमच्या आंगणात बी ठेव. पांढरं पाह्यल्याबिगर काळं किती हाये ते कसं समजन?" शास्त्रात अशा तुलनेच्या नमुन्याला 'कंट्रोल' असं नाव आहे. ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तू शेफारशील असं वाटलं.

त्यामुळे बारावीनंतर करिश्मानं पर्यावरणशास्त्र म्हटलं तेव्हा आपल्या दोघींना नवल वाटलं नाही. नवल तिच्या बापाला, तुझ्या रमेशला वाटलं. "झाडंच लावाचे ना? त्याले कॉलेज कायले?" तू भाकरी थापता थापता मुलाकडे न बघता म्हणालीस, "तुले ट्रॅक्टर चालवाले लायसन काऊन लागते मंग?"

त्याच दिवसांत ईराही कॉलेज शोधत होती, आणि तिचाही विषय हाच. आई-वडील दोघं कमावतात तरी तिकडची फी त्यांना झेपण्यासारखी नाही. म्हणून जिथे गुणांवर फी माफ होते अशी कॉलेजं ती हुडकत होती. एका रविवारी तिनं व्हिडिओवर मला तिचा तक्ता दाखवला. तू मागून डोकावलीस.

"तिकडच्या पोट्टीले बी फी जड जाते?"

"खूप जड, आजी," ईरा तिच्या मराठीत म्हणाली.

"मंग इकडं ये. आमच्या करिश्मासंगं शिक. मोहफुलं वेचाले बी एक हात होईन."

तो शेवटचा रकाना ईराचा. ती म्हणाली होती, आजी, पुष्कळ कॉलेजं पहिल्या वर्षी मोठी सवलत देऊन मुलं ओढतात आणि पुढे अटी घालतात, तेव्हा हे आधी विचार. मी पट्टीनं रेघ मारून रकाना आखला, शीर्षक लिहिलं आणि कोरा सोडला. ज्या बाईनं आयुष्यभर मुलांच्या कोऱ्या जागांभोवती लाल शाईनं गोल काढले, ती मी.

चौदातून दोन उरली. पुण्याकडचं मोठं खासगी विद्यापीठ: काचेच्या प्रयोगशाळा, करिश्माच्या गुणांवर पहिल्या वर्षाची बहुतेक फी माफ. आणि नागपूरचं जुनं कॉलेज: मुळात फी कमी, शेजारी सरकारी वसतिगृह, वर कॉलेजच्या निधीतून हुशार मुलींना छोटीशी मदत. मी पुण्याची. तू नागपूरची. व्हरांड्यात आपण तीन संध्याकाळी वाद घातला. तू नागपूर जवळ आहे म्हणून अडून बसली आहेस असं मला वाटत होतं, आणि मी तसं बोललेही. तुला ते लागलं.

"जवळ-दूर नाई पाहून राह्यली मी. बाई, मोहाचं झाड पाहाले जाता, तं पयल्या दिवशीचा सडा पाहून ठरवता का? पयल्या दिवशी समदेच झाडं गळते. ज्यानं तीन साल त्याच्या खाली वेचलं, त्याले विचारा लागते."

"कॉलेज म्हणजे झाड नाही, सगुणाबाई."

"नाई तं नाई. पण विचाराले काय जाते? तिसऱ्या सालातली एखादी पोट्टी पाहा अन् फोन लावा."

"लावते," मी म्हणाले.

नाही लावला. आज कारण सांगते. मला हवं ते उत्तर मला आधीच माहीत होतं आणि दुसरं काही ऐकायचं नव्हतं. मी सतरा वर्षांची असताना पुण्याला शिकायला जाण्याचा हट्ट धरला होता. वडिलांनी नाही म्हटलं. मी मुकाट नागपुरात शिकले आणि चांगली शिकले. तरी पन्नास वर्षांनी दुसऱ्याच्या नातीचा फॉर्म समोर आला तेव्हा माझा हात पुण्याकडेच वळला.

जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. आठवड्यात संमती कळवा. करिश्मा पेरणीसाठी गावी होती, फोन लागत नव्हता. तिचे कागद माझ्याकडे, पासवर्डही माझ्याकडे. मी संमती पाठवून दिली. जागा जायला नको, एवढंच मनाला सांगितलं. तिला सांगितलं नाही. तुलाही नाही.

पुढच्या आठवड्यात तू धानोऱ्याच्या बाजारातून फोन केलास.

"लावला का जी फोन, त्या तिसऱ्या सालच्या पोट्टीले?"

"लागत नाही गं," मी म्हणाले.

आपल्या भागात याहून सोपं खोटं नाही. कोणी पुढे विचारत नाही. तूही विचारलं नाहीस. म्हणालीस, "बरं. लावून पाहा." आपलं शेवटचं बोलणं हे. मग तुला ताप आला, आणि मी निघायच्या आधी रमेशचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी पोचले. करिश्मा भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून उठली, पाणी दिलं आणि म्हणाली, "मी नाई जात आता, बाई. कुठीच नाई. बाबा दिवसभर ट्रॅक्टरवर राह्यते. माय घरी एकटी पडन." मी तिला बरंच काही सांगितलं. शिक्षण, संधी, तुझी इच्छा. माझे स्वतःचेच शब्द मला शाळेच्या गॅदरिंगमधल्या भाषणासारखे ऐकू येत होते. ती नाही म्हणून मान हलवत राहिली. येताना बसमध्ये मला कळलं की जिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही अशा जागी जा म्हणून मी त्या मुलीला सांगते आहे.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी फोन घेऊन बसले. आपल्या शाळेतली एक मुलगी पुण्यात नर्स आहे. तिच्या ओळखीनं दोन तासांत त्या विद्यापीठातली तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी सापडली. दोन तास, सगुणाबाई. यवतमाळकडची मुलगी. नीट, सावकाश बोलली.

"मॅडम, पहिल्या वर्षी आम्ही बारा जणी सवलतीवर होतो. आता दोघी आहोत."

"बाकीच्या?"

"ग्रेड दहापैकी साडेआठच्या खाली गेली की बंद. मला कावीळ झाली होती, एक सेमिस्टर गेलं. मग पूर्ण फी. वडिलांनी शेत गहाण टाकलं. एकीनं मधेच सोडलं. सरकारी शिष्यवृत्ती या कोर्सला बसत नाही, ते आम्हाला आल्यावर कळलं." मग म्हणाली, "शिकवतात चांगलं हां. लॅब खरंच छान आहे. खोटं नाही सांगत."

"आमची मुलगी फार हुशार आहे," मी म्हणाले. अजूनही म्हणाले.

"आम्ही पण होतो, मॅडम."

मग नागपूर. तिथली तिसऱ्या वर्षाची मुलगी कुरखेड्याची निघाली. "लॅब जुनी हाये, मॅडम. मायक्रोस्कोप चौघीत एक. पण पयल्या वर्षी जे मिळालं ते आजबी मिळून राह्यलं. एक डाव माझे मार्क घसरले, तं सरांनी बोलावून इचारलं काय झालं म्हून. बंद नाई केलं."

मी दोन चौकटी भरल्या. पेन खाली ठेवलं, पुण्याच्या जागेचा नकार लिहायला घेतला आणि थांबले. या वेळी विचारल्याशिवाय नको. नागपूरची शेवटची तारीख शुक्रवार होती. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस पकडली.

तुझ्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. रमेश, तुझी सून, तुझे दीर बाजीराव आणि करिश्मा. संमती मी पाठवली, न विचारता. फोन लागत नव्हता असं तुला सांगितलं, ते खोटं. मी तो लावलाच नव्हता. एवढं बोलायला मला माझ्या सगळ्या नोकरीत कधी लागला नव्हता इतका वेळ लागला.

करिश्मा जमिनीकडे बघत होती. "मले माहीत होतं, बाई. मेल माझ्या फोनवर बी येते ना. धानोऱ्याले रेंजमधी गेली तवा दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"आजीले सांगतलं होतं."

"आजी काय म्हणाली?"

"हासली. म्हणे, बाईले आधी फोन लावू दे. मंग ते सोताच सांगन. तू मधी पडू नको."

म्हणजे बाजारातून फोन केलास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. चुकलेलं गणित मुलाच्या हाती परत देऊन 'पुन्हा पाहा' म्हणावं, तसं तू मला ते परत देत होतीस. आणि मी म्हणाले, लागत नाही. सगुणाबाई, इतक्या वर्षांत आपण एकमेकींना कधी 'चुकलं' म्हटलं नाही. भांडण झालं की तू चहा आणायचीस किंवा मी पुस्तक उघडायचे, आणि ते मिटायचं. आज चहाही नाही. तेव्हा लिहून ठेवते. माझं चुकलं. आणि तू मला लबाड न ठरवता वाट पाहिलीस, याचं ऋण मोठं आहे.

पण अंगणात रडायला सवड नव्हती. तुझ्या उत्तरकार्याचा दिवस शनिवारी ठरला होता आणि कॉलेजची तारीख शुक्रवार. बाजीराव म्हणाले, "दिवस झाल्याबिगर घरातलं कोणी गाव सोडत नाई, बाई. तुमाले माहीत हाये." मला माहीत होतं.

तेव्हा तुझी सून बोलली. एवढ्या वर्षांत तिला चुलतसासऱ्यांपुढे बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"मामाजी, मागच्या साली चुलतसासूचा दिवस आपण दोन रोज अलीकडं घेतला होता नाई? धानाचे पऱ्हे वाफ्यातच वाळून राह्यले होते, रोवणी थांबली असती म्हून."

"तो धानाचा सवाल होता."

"मंग हा बी पऱ्हाच हाये. टायमावर नाई लावला तं जाते."

बाजीरावांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा बांधला. "ह्या सुनेले वकील कराले पायजे होतं," ते म्हणाले. "रमेश, सोयऱ्यांना फोन लाव. बुधवार सांग. ज्याचा लागत नाई त्याच्या गावाले जा."

ज्याचा लागत नाही त्याच्या गावाला जा. मी खाली बघितलं.

करिश्मा मात्र उठून आत गेली होती. तिची आई तिच्यामागे गेली. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तू एकटी पडशीन, माय."

"पडन तं पडन. एकटं पडाले बी शिकाच लागते. तुले वाटते, आजी मले तुह्या भरोशावर सोडून गेली? मी काय बकरी हाये?"

आतून दोघींचं हसू की रडू, नीट कळलं नाही. थोड्या वेळानं करिश्मा बाहेर आली, माझ्या पिशवीतून वही काढली, नागपूरच्या ओळीवर खूण केली आणि पुण्याचा नकार तिनं स्वतः, स्वतःच्या फोनवरून लिहिला. रेंज मिळावी म्हणून त्यासाठी मोटारसायकलवर बसून टेकडीपर्यंत गेली. मी मजकूर तपासून देऊ का विचारलं. नको म्हणाली.

बुधवारी तुझा दिवस झाला. शुक्रवारी आम्ही नागपुरात होतो. खिडकीपाशी रांग, मूळ कागद, झेरॉक्स, पुन्हा झेरॉक्स. जागा मिळाली. वसतिगृहही मिळालं. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. कॉलेजच्या निधीतली मदत कोणाला ते नंतर जाहीर होईल. मिळेल असं वाटतं, पण 'वाटतं' हा शब्द मी वहीत लिहिलेला नाही.

एका बाबतीत मी अजून माघार घेतलेली नाही. चौघींत एक मायक्रोस्कोप हे बरोबर नाही. नागपूरचं कॉलेज बरं आहे, याचा अर्थ तिथली प्रयोगशाळा बरी आहे असा होत नाही. या मुद्द्यावर आपलं भांडण मिटलेलं नाही आणि मी ते एकटीनं पुढे चालवणार आहे. जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहायला घेतली आहेत. काही इंग्रजीत, आणि इंग्रजीच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. उरलेल्या बारा कॉलेजांचे फोनही सुरू केले आहेत. रोज सकाळी अकराला एक. तिसऱ्या वर्षाची मुलगी सापडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. करिश्माच्या मागून आश्रमशाळेतून आणखी मुली येतील, त्यांना मी पहिल्या दिवसाचा सडा दाखवणार नाही. ईरालाही तेच सांगितलं. तिनं तिच्या यादीतल्या दोन ठिकाणी विचारलं आणि एक नाव खोडलं.

शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी मी करिश्माला सूचना देत होते. कागदांची फाइल कुठे ठेवायची, पाणी उकळलेलं आहे ना पाहायचं, दर सेमिस्टरला गुणपत्रिकेची प्रत काढायची, मार्क घसरले तर लपवायचं नाही. तिनं बरंच ऐकून घेतलं.

"बाई," ती मग म्हणाली, "तुमी निघा आता. चंद्रपूरची बस जाईन तुमची."

तिनं ट्रंक उचलली आणि आत गेली. फाटकातून मला जिन्याचा खालचा भाग दिसत होता. पहिल्या वळणावर ती मागे बघेल असं मला वाटलं. ट्रंक जड होती, तिनं ती पायरीवर टेकवली, हात बदलला आणि वर गेली.

मी बस पकडली. सगुणाबाई, पोरगी आता आपल्या दोघींशिवाय आहे. एवढ्यासाठीच तर आपण भांडत होतो.